गैरहजर वैमानिकाची वहिवाट

ज्या विमानात प्रवासी नाहीत, ज्याच्या टाक्यांत इंधनाचा थेंब नाही आणि जे संगणकाच्या पडद्याबाहेर वस्तुतः कोठेही अस्तित्वात नाही, असे एखादे विमान रात्रभर अटलांटिक महासागर ओलांडीत राहावे आणि त्याचा एकमेव वैमानिक त्या वेळी शेजारच्या खोलीत घोरत असावा, ही गोष्ट या छंदाशी परिचय नसलेल्या माणसास विक्षिप्तपणाची परिसीमाच वाटेल. तथापि घरगुती फ्लाइट सिम्युलेटरच्या जगात हा प्रकार इतका रूढ झाला आहे की त्याचे स्वतःचे संकेत, स्वतःची हत्यारे, स्वतःचे अपघात आणि, चार माणसे एकत्र आली की जे अपरिहार्यपणे येतात, ते स्वतःचे कायदेकानूही आज सिद्ध झालेले आहेत. या वहिवाटीचा प्रत्यक्ष इतिहास दोन-तीन दशकांत मावण्याजोगा आहे. तिचे मूळ मात्र विमानाने माणसाचा हात पहिल्यांदा सोडला त्या दिवसापर्यंत मागे जाते.

18 जून 1914 रोजी पॅरिसनजीक बेझाँ येथे, सीन नदीच्या काठी, विमानांच्या सुरक्षिततेविषयीची एक स्पर्धा चालू होती. तीत लॉरेन्स स्पेरी या एकवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने परीक्षकांच्या समोरून आपले कर्टिस विमान नेताना दोन्ही हात उंच धरले, त्याचा फ्रेंच साहाय्यक एमिल काशँ पंखावर चालत गेला, आणि इतके होऊनही विमान कलले नाही. कारण त्याचा तोल आता जायरोस्कोपांच्या हवाली केलेला होता. पुढे 1933 च्या जुलैमध्ये वायली पोस्ट हा एका डोळ्याने अधू असलेला वैमानिक ‘विनी मे’ या आपल्या विमानातून 7 दिवस, 18 तास आणि 49 मिनिटांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, तेव्हा त्याच्यापाशी स्पेरी कंपनीचाच स्वयंचालक होता. तो स्वयंचालक वाटेत बिघडलाही, आणि त्याच्या दुरुस्तीपायी पोस्टला मुक्काम करावे लागले. सांगतात की, डुलकी लागलीच तर बोट सैल पडून जाग यावी म्हणून तो हातात धरलेला पाना दोरीने बोटाला बांधून ठेवीत असे. 22 सप्टेंबर 1947 रोजी तर अमेरिकी हवाई दलाचे एक सी-54 विमान न्यूफाउंडलंडमधील स्टीफनव्हिलहून उडून इंग्लंडातील ब्राइझ नॉर्टन येथे उतरले, आणि उड्डाणापासून अवतरणापर्यंत त्यातल्या मंडळींनी सुकाणूस हात म्हणून लावला नाही.

या तिघांपैकी घरगुती सिम्युलेटरवाल्याचा खरा पूर्वज कोण, असे विचारले तर मी निःसंशय पोस्टचे नाव घेईन. हात सोडणे ही गोष्ट यंत्राने 1914 सालीच साध्य केली होती. नजर कोणी ठेवावी हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता, आणि एकट्या माणसाच्या बाबतीत तो बोटाला बांधलेल्या पान्यापलीकडे सरकला नव्हता. विमान कंपन्यांनी ही अडचण मनुष्यबळ वाढवून सोडविली. अतिदीर्घ उड्डाणांवर आज चार वैमानिक तैनात असतात, कॉकपिटच्या मागे किंवा वर त्यांच्यासाठी बिछाने असतात, आणि पाळीपाळीने दोघे झोपतात. म्हणजे वैमानिकास निजण्याची मुभा असते, पहाऱ्यास नसते. घरात बसलेल्या हौशी माणसाला बदली देणारा कोणी नसतो. तेव्हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या छंदात जी जी युक्ती निघाली, तिच्याकडे त्या अनुपस्थित बदली वैमानिकाची जागा भरून काढण्याचा एकेक प्रयत्न म्हणून पाहिले, म्हणजे या इतिहासाची संगती लागते.

वास्तविक सिम्युलेटर हे यंत्र जन्माला आले ते कडक देखरेखीतच. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याने आपल्या वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते आणि हवेच्या नळ्या वापरून 1929 मध्ये जो ‘लिंक ट्रेनर’ बनविला, तो प्रथम करमणुकीच्या बागांतून नाणे टाकून चालविण्याचे खेळणे म्हणूनही विकला गेला. परंतु 1934 मध्ये टपालाची वाहतूक लष्करी विमानदलाकडे सोपविली गेली, खराब हवेत एकापाठोपाठ एक वैमानिक प्राणास मुकले, आणि तेव्हा लष्कराने त्या खेळण्याची किंमत ओळखली. या यंत्राशेजारी शिक्षकाचे मेज असे, त्यावर नकाशा पसरलेला असे, आणि विद्यार्थी आत बंद पेटीत बसून आंधळेपणाने जो मार्ग आक्रमी, तो एक लहानसे चाकांचे यंत्र त्या नकाशावर शाईने रेखीत जाई. त्यास खेकडा म्हणत. विद्यार्थ्याची एकही चूक त्या रेघेतून सुटत नसे.

हा शिक्षक घरगुती संगणकाने प्रथम नाहीसा केला. इलिनॉय विद्यापीठात 1975 साली विमानोड्डाणाच्या संगणकीय चित्रणावर प्रबंध लिहिणाऱ्या ब्रूस आर्टविक याने ‘सबलॉजिक’ ही संस्था काढून ‘ॲपल-2’ या संगणकासाठी आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर तयार केला, आणि त्यातून वाढलेली आवृत्ती मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 1982 मध्ये बाजारात आणली. शिकागोच्या सरोवरकाठचे मेग्ज फील्ड हे छोटेखानी विमानतळ ज्या पिढीने तेथे न जाताही आपल्या अंगणासारखे ओळखले, ती पिढी या आवृत्तीवर पोसली. मार्च 2003 मध्ये शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर घालून त्याची धावपट्टी उखडली, तेव्हा जगभरच्या सिम्युलेटरवाल्यांस घरातले माणूस गेल्यासारखे दुःख झाले. परंतु त्या पहिल्या आवृत्तीत दूरपल्ल्याचे उड्डाण हा प्रश्नच उद्भवत नव्हता. शिकागो, सिॲटल, लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्क-बॉस्टन या चार प्रदेशांपुरतेच ते जग होते. त्यांच्या मध्ये जाऊन पाहावे असे काही नव्हते.

1993 च्या पाचव्या आवृत्तीने हे तुटक प्रदेश गोलाकार पृथ्वीवर नेऊन बसविले. 1999 च्या आवृत्तीत वीस हजारांवर विमानतळ आणि कॉन्कॉर्ड, तर 2001 च्या आवृत्तीत 747-400 हे विमान आले. आता मुंबईहून लंडनला जाता येऊ लागले, आणि जाता येऊ लागताच असे ध्यानात आले की मुंबई-लंडन हा नऊ-दहा तासांचा मामला आहे, त्यातली उड्डाण आणि अवतरण यांची मिळून जेमतेम एक तासाची धामधूम वजा केली तर उरलेल्या वेळात करण्याजोगे फारसे काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी चुकत नाही.

यावर निर्मात्यांनी दिलेला उपाय सोपा होता: काळच वेगाने धावू द्यावा. कळ दाबताच घड्याळ दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट चाले. एक्स-प्लेन या दुसऱ्या प्रसिद्ध सिम्युलेटरने तर घड्याळास हात न लावता केवळ जमिनीवरील वेग वाढविण्याची निराळीच सोय करून दिली. पण या उपायाला एक खोट होती. आठपट वेगात विमानाच्या पंखांवरील गणिते जितक्या वेळा व्हावयास हवीत तितक्या वेळा होत नाहीत, त्यामुळे एखाद्या वळणावर स्वयंचालक आवश्यकतेपेक्षा अधिक झुकतो, ती चूक सावरताना दुसऱ्या बाजूस अधिक कलंडतो, आणि थोड्याच वेळात शेकडो टनांचे विमान झोपाळ्यासारखे हेलकावे खाऊ लागते. शिवाय, वाऱ्याची खरीखुरी नोंद त्या त्या तासाला बाहेरून मागविणाऱ्यांचा हवामानाशी मेळ बसेना. याहूनही मोठी अडचण तात्त्विक होती. ज्याने इंधनाचा किलोकिलोंचा हिशेब केला, खऱ्या कंपनीच्या वेळापत्रकातला उड्डाणक्रमांक घेतला आणि खऱ्या मिनिटाला चाके हलविली, त्याने मधला महासागर मात्र कातरीने कापून टाकावा, हे सोवळ्या प्रवृत्तीच्या मंडळींस पटण्यासारखे नव्हते. आभासी विमान कंपन्या नावाच्या ज्या हौशी संस्था निघाल्या होत्या, त्यांपैकी अनेकांनी वाढविलेल्या वेगाचे तास आपल्या दप्तरी जमा करण्यास नकार दिला. अशा रीतीने दोन पंथ पडले, आणि जो पंथ काळास हात लावू इच्छीत नव्हता, त्यासच गैरहजेरीची कला शोधून काढणे प्राप्त झाले. निष्ठा जितकी कडवी, तितकी अनुपस्थिती लांब, ही या छंदातली मला सर्वांत रोचक वाटलेली विसंगती आहे.

आता विमान एकटे सोडल्याने नेमके बिघडते काय, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. पूर्ण भरलेले 747-400 हे उड्डाणसमयी जवळजवळ 400 टनांचे असू शकते, आणि लांबच्या मार्गावर त्यातला सव्वाशे-दीडशे टनांचा भाग निव्वळ इंधनाचा असतो. एवढ्या भाराने ते आरंभी 31,000 किंवा 33,000 फुटांच्या वर सुखाने जात नाही. ताशी दहा-अकरा टन इंधन जळत गेले म्हणजे हलके होते, आणि मग दोन-दोन हजार फुटांची पायरी चढवून त्यास वरच्या विरळ हवेत न्यावे लागते, कारण तेथे तेवढ्याच अंतरास इंधन कमी लागते. ही पायरी वैमानिकाने स्वहस्ते चढवावयाची असते. तो निजला तर विमान रात्रभर खालच्या दाट हवेतच रखडते आणि सकाळी इंधनाच्या हिशेबात काही टनांची तूट निघते. याहून नाजूक जागा पुढेच आहे. बोइंगच्या विमानांत मार्ग, उंची आणि वेग यांचे सारे गणित एक फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर करीत असतो, आणि खाली उतरावयास कोठून लागावे तो बिंदू, टॉप ऑफ डिसेंट, त्याने अचूक काढून ठेवलेला असतो. परंतु समोरच्या पट्टीवरील उंचीच्या खिडकीत वैमानिकाने खालचा आकडा भरल्याशिवाय तो एक फूटही उतरत नाही. ही त्या यंत्राची आडमुठी वृत्ती नसून शहाणपणाची तजवीज आहे, कारण खऱ्या आकाशात नियंत्रकाची परवानगी मिळाल्याविना उतरणे हा गुन्हा आहे. बिंदू जवळ येताच ‘रीसेट एमसीपी आल्ट’ असा तगादा पडद्यावर उमटतो. तो वाचणारा कोणी नसेल तर विमान पूर्ण उंचीवर गंतव्य शहरावरून निघून जाते, मार्ग संपल्याची वर्दी देते, आणि शेवटची दिशा धरून टाक्या कोरड्या पडेपर्यंत चालत राहते.

तेव्हा गैरहजेरीचा सारा बंदोबस्त या एका बिंदूभोवती गोळा झाला, हे स्वाभाविकच होते. प्रारंभी लोक गजराच्या घड्याळावर भिस्त ठेवीत. पण वारा बदलला की पोचण्याची वेळ बदले आणि गजर एक तर लवकर होई किंवा फार उशिरा. पुढे पीएमडीजीसारख्या निर्मात्यांनी आपल्या बोइंग विमानांत अशी सोयच करून दिली की, उतरणीचा बिंदू येताच सिम्युलेटर आपोआप तहकूब व्हावा. काही विमानांत सरळ वाटेवर काळ धावता ठेवून वळण जवळ आले की तो आपसूक संथ करण्याचीही व्यवस्था आली. एफएसयूआयपीसी नावाच्या एका बहुगुणी जोडप्रणालीने ठरावीक मिनिटांनी उड्डाणाची स्थिती जतन करून ठेवण्याचे काम अंगावर घेतले, म्हणजे मध्यरात्री यंत्र कोलमडले तरी रोजनामचा शिल्लक राहावा. तहकुबीची ती सोय मला या सर्व इतिहासातला सर्वांत प्रामाणिक शोध वाटतो. झोपलेल्या माणसास जागे असल्याची बतावणी ती करू देत नाही. तू येईपर्यंत विमान येथेच थांबेल, एवढेच ती कबूल करते.

परंतु पहारा यंत्राकडे सोपविला तरी ते यंत्र ज्या संगणकावर चाले, त्याचा भरवसा कोणी द्यावा? ऑक्टोबर 2006 मध्ये आलेली एफएसएक्स ही आवृत्ती 32 बिटांची होती, आणि अशा प्रणालीस संगणकात स्मृती कितीही असो, 4 गिगाबाइटांपलीकडचा पत्ता घालता येत नसे. दहा तासांच्या वाटेत ओलांडलेल्या प्रदेशांची चित्रे तीत थोडीथोडी साचत जात, सारीच्या सारी परत सोडली जात नसत. आणि शेवटी लंडनसारख्या ठिकाणचे, विकत घेतलेले, खिडक्यान् खिडक्या काढलेले विमानतळ पडद्यावर उतरू लागे, त्या वेळी ती शिल्लक संपे. शिल्लक घटली की एफएसयूआयपीसी एक टिंग असा आवाज करी. तो आवाज धावपट्टी वीस मैलांवर असताना ऐकू येऊ लागला म्हणजे माणसे घाईघाईने चित्रांची गुणवत्ता उतरवीत, बाहेरच्या दृश्याकडे पाहणे टाळीत आणि श्वास रोखून चाके खाली करीत. रात्रभर बिनतक्रार चाललेले विमान जमिनीपासून काहीशे फुटांवर स्मृती संपल्याची चिठ्ठी ठेवून अदृश्य झाल्याच्या कैफियती त्या काळात घरोघर ऐकू येत. मायक्रोसॉफ्टने हा सिम्युलेटर रचणारा आपला स्टुडिओ जानेवारी 2009 मध्ये बंद केला, प्रणालीचा वारसा लॉकहीड मार्टिनकडे गेला, आणि त्यांच्या प्रिपेअर-थ्रीडीची चौथी आवृत्ती 2017 साली 64 बिटांची होऊन निघाली, तेव्हा कोठे ही टिंगटिंग इतिहासजमा झाली.

बाकीचे शत्रू घरातलेच. वीज वाचविण्याच्या हेतूने संगणक यूएसबीचा पुरवठा काढून घेई आणि जॉयस्टिक गतप्राण होई; कधी त्याच जॉयस्टिकच्या झिजलेल्या पोटातून एखादा खोटा झटका येऊन स्वयंचालक सुटे; कधी विंडोजला मध्यरात्रीच नूतनीकरणाची हुक्की येऊन ती सारे बंद करून पुन्हा सुरू होई. महाराष्ट्रातल्या सिम्युलेटरवाल्यास याखेरीज आणखी एका वेळापत्रकाचा विचार करावा लागे. एफएसएक्सचा भर आणि राज्यातील भारनियमनाचा भर हे दोन्ही एकाच काळातले. 1 ऑगस्ट 2007 रोजी एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क ही सुमारे सोळा तासांची विनाथांबा सेवा सुरू केली, ती घरी उडवून पाहण्याची हौस ज्यास झाली, तो मुंबईबाहेर राहणारा असेल तर सोळा तास अखंड वीज ही गोष्ट त्याने गृहीत धरण्याजोगी नव्हती. लोडशेडिंगच्या तासांना चुकवून अबूधाबी किंवा दुबईपर्यंतच जावे, की इन्व्हर्टरच्या भरवशावर अटलांटिकचा धोका पत्करावा, हा त्याचा मार्गनियोजनाचा पहिला प्रश्न असे. युरोप-अमेरिकेकडे जाणारी पुष्कळशी खरी विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, एवढी एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडणारी होती. विमान चढवून झाले की घरातल्या झोपेची आणि विमानाच्या समतल वाटचालीची वेळ एकच येई.

आतापर्यंतचा सारा कारभार ज्याच्या त्याच्या खोलीपुरता होता. गैरहजेरी ही सार्वजनिक बाब झाली ती आंतरजालावरील आभासी आकाशात. 2001 च्या जुलैमध्ये स्थापन झालेल्या व्हॅटसिम या जाळ्यावर वैमानिक हौशी आणि त्यांस आज्ञा देणारे नियंत्रकही हौशी. शॅनविक आणि गँडर या अटलांटिकच्या दोन काठांच्या महासागरी केंद्रांची गादीही तेथे कोणी ना कोणी स्वेच्छेने चालवितो. येथे घड्याळ सर्वांचे सामाईक असल्याने कोणी एकट्याने ते पुढे ढकलून चालत नाही, आणि उतरणीच्या बिंदूवर तहकूब झालेले विमान म्हणजे मागून येणाऱ्यांच्या वाटेतला आकाशस्थ धोंडा. म्हणून या जाळ्याने शिरस्ता घातला की, अर्ध्या तासाहून अधिक काळ वैमानिकाने आपले विमान निराधार सोडू नये. सोडावयाचे तर आधी जाळ्यातून बाहेर पडावे. नियंत्रकाने हाक मारली आणि उत्तर आले नाही की तो पर्यवेक्षकास इतल्ला देतो, पर्यवेक्षक लेखी पुकारा करतो, आणि तरीही सामसूमच राहिली तर विमान आकाशातून काढून टाकले जाते.

या नियमाच्या मर्यादेत राहूनही चहा करावयास उठता यावे, यासाठी खऱ्या विमानशास्त्रातलीच एक जुनी तोड येथे उतरली. महासागरावर वैमानिकांना तासन्‌तास रेडिओची खरखर ऐकावी लागू नये म्हणून प्रत्येक विमानास चार अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो; जमिनीवरून त्या अक्षरांचे सूर सोडले की केवळ त्याच विमानात घंटा वाजते. यास सेलकॉल म्हणतात. व्हॅटसिमवर बसणाऱ्यांनी ही घंटा जशीच्या तशी उचलली, आणि तिच्यामुळे स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसापर्यंत गँडरची हाक पोचू लागली. ‘क्रॉस द पाँड’ या नावाने शेकडो विमाने एकाच दिवशी अटलांटिक ओलांडतात तेव्हा या घंटेची खरी परीक्षा असते. मी तर म्हणेन की त्या दिवसांत घरगुती वैमानिक कंपनीच्या वैमानिकापेक्षा अधिक जागा असतो. 21 ऑक्टोबर 2009 रोजी सॅन डिएगोहून मिनियापोलिसला निघालेले नॉर्थवेस्ट कंपनीचे 188 क्रमांकाचे खरे विमान, दोन जागे वैमानिक कॉकपिटमध्ये असताना, तासाहून अधिक काळ एकाही हाकेस उत्तर न देता मुक्कामाच्या शहरापुढे शंभरांहून अधिक मैल निघून गेले. दोघेही आपापल्या लॅपटॉपवर कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक पाहण्यात गढले होते, असे त्यांनी चौकशीत सांगितले. त्यांचे परवाने रद्द झाले.

18 ऑगस्ट 2020 रोजी मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला आणि टाळेबंदीत घरी अडकलेल्या असंख्य माणसांनी या छंदात प्रवेश केला. यातली पृथ्वी आता घरच्या संगणकात साठविलेली नसून दूरच्या सर्व्हरांवरून प्रवाहासारखी येत राहते. साहजिकच रात्रीच्या गैरहजेरीत इंटरनेट तुटले की विमान शाबूत राहते, पण खालची जमीन आणि वरचे हवामान बदलून जाते. नव्या लोकांस गोंधळात टाकणारी आणखी एक सोय या सिम्युलेटरात होती. ‘ॲक्टिव्ह पॉज’ नावाची कळ दाबली की विमान जागच्या जागी गोठते, पण इंजिने चालूच राहतात. जुन्या तहकुबीच्या भरवशाने ती दाबून जेवावयास गेलेला माणूस परत येतो तो एक मैलही न जाता इंधन मात्र जाळून बसलेल्या विमानापाशी. संभाषणाचे आणि सुकाणूचेही काम पत्करणारा एक यांत्रिक सहवैमानिक या आवृत्तीने दिला आहे खरा, परंतु मोठ्या विमानांचे शौकीन त्याच्या हाती विमान देताना आढळत नाहीत, आणि त्यांचा अविश्वास मला रास्त वाटतो. सकाळी उठल्यावर पहिले काम उतरण्याचे नसतेच. रात्रीत वारा फिरलेला असतो, संध्याकाळी निवडलेली धावपट्टी आता उलट्या टोकाची झालेली असते. तेव्हा नवा वारा वाचून, येण्याचा मार्ग कॉम्प्युटरात पुन्हा भरून, मधली तुटलेली कडी जोडून आणि उरलेले इंधन पर्यायी विमानतळापर्यंत पुरते की नाही ते पाहून, मगच उंचीच्या खिडकीतला आकडा खाली आणावयाचा असतो.